कर्णिकेतली लाट संगणकात कशी उतरते

आत्याची नाडी मी पहिल्यांदा नीट पाहिली ती गेल्या दिवाळीत. दोन ठोके लागोपाठ, मग लांबलचक थांबा, मग तीन घाईघाईचे, पुन्हा थांबा. तबला शिकणाऱ्या भाच्यानेही तिचं मनगट धरून पाहिलं आणि म्हणाला, "आजी, याची सम कुठंय?" दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला. डॉक्टरांनी निदान दोन अक्षरांत सांगितलं: एएफ. म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत, म्हणजे कर्णिकांमध्ये, वीज सैरभैर धावते आहे.

"वीज?" आत्या म्हणाली. "म्हणजे शॉक लागतो तसली?"

तसली नाही, एवढं मला माहीत होतं. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नव्हे. पण कर्णिकेतली ही वीज संगणकावर कशी उभी करतात हे मी बरीच वर्षं वाचत आलोय, आणि आत्याला त्या दिवशी जे धड सांगता आलं नाही ते इथे लिहितोय. (शाळेच्या पुस्तकात कुठे कर्णिका-जवनिका असतात, कुठे अलिंद-निलय. मी कर्णिका-जवनिका म्हणणार. सवय.)

तारेतली वीज आणि हृदयातली वीज यांत फरक आहे तो असा. तारेत धक्का एका टोकाला द्यावा लागतो. हृदयात मात्र लवंगी माळेसारखं चालतं. पहिला फटाका फुटला की त्याच्या ठिणगीने दुसरा, दुसऱ्याने तिसरा. प्रत्येकाची दारू त्याच्या पोटातच भरलेली असते, शेजाऱ्याकडून हवी असते ती फक्त ठिणगी. पण लवंगी एकदा फुटली की संपली. पेशी तशी संपत नाही, थोडी विश्रांती घेऊन पुन्हा फुटायला तयार होते. ही विश्रांती लक्षात ठेवा. पुढचं जवळजवळ सगळं तिच्यावरच उभं आहे.

एका पेशीत काय घडतं? स्वस्थ असताना पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण उणे 80 मिलिव्होल्टवर असते. ठिणगी लागली की आवरणातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि एक-दोन मिलिसेकंदांत आकडा शून्याच्या वर जातो. मग कॅल्शियम आत येत राहतं आणि आकडा काही काळ वरच रेंगाळतो. शेवटी पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पुन्हा मूळ जागी येते. हा सगळा फेरा साधारण 200 ते 300 मिलिसेकंदांचा, आणि त्यातला बराचसा वेळ पेशीला कितीही ढोसलं तरी ती दाद देत नाही. शेजारच्या पेशीशी ती अगदी बारीक छिद्रांनी जोडलेली असते. ठिणगी त्या छिद्रांतून जाते.

निरोगी हृदयात पहिली ठिणगी पडते उजव्या कर्णिकेच्या वरच्या कोपऱ्यात. ही जागा, म्हणजे सायनस नोड, आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी 1907 मध्ये दाखवून दिली. तिथून लाट पसरते आणि दोन्ही कर्णिका साधारण 100 मिलिसेकंदांत व्यापते. ईसीजीवर सुरुवातीला जो छोटासा उंचवटा दिसतो, पी लाट म्हणतात ती, ती म्हणजे हाच प्रवास. मग खाली जवनिकांकडे जायचा रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर गतिरोधक बसवलेला आहे: एव्ही नोड. सुनाओ तावारा या जपानी शास्त्रज्ञाने जर्मनीत काम करताना 1906 मध्ये तो शोधला. कर्णिकेच्या भिंतीत लाट सेकंदाला साठेक सेंटिमीटर धावते, या गतिरोधकात जेमतेम पाच. तेवढ्या वेळात कर्णिका आपलं रक्त खाली ओतून मोकळ्या होतात.

आता बिघाडाकडे. त्यासाठी संगणक नको, दहा जण पुरेत. गोल बसा. नियम दोनच. शेजाऱ्याने टाळी वाजवली की पुढच्या मोजणीला आपण वाजवायची. आणि वाजवल्यावर पुढच्या सात मोजण्या हात मांडीवर, काही झालं तरी टाळी नाही.

पहिल्याने वाजवली. टाळी दोन्ही बाजूंनी निघते: दुसरा आणि दहावा, मग तिसरा आणि नववा, असं करत सहाव्यापाशी दोन्ही लाटा भेटतात. सहाव्याने वाजवली की त्याचे दोन्ही शेजारी नुकतेच वाजवून बसलेले. पुढे कुणीच नाही. लाट विझली. निरोगी कर्णिकेत प्रत्येक ठोक्याला हेच होतं. लाटा एकमेकींवर आदळून विझतात आणि मैदान पुढच्या ठोक्यासाठी मोकळं होतं.

पुन्हा सुरू करा, पण या वेळी दहाव्याने आधीच कुठेतरी अवेळी टाळी वाजवून ठेवलीय, त्याचे हात मांडीवर आहेत. पहिल्याने वाजवल्यावर लाट फक्त दुसऱ्याकडे जाते. दुसरा, तिसरा, चौथा... नवव्या मोजणीला ती दहाव्यापाशी पोचते, तोवर तो मोकळा झालेला असतो. दहाव्या मोजणीला पुन्हा पहिल्याची पाळी. त्याच्या सात मोजण्या कधीच संपल्या. तो वाजवतो, आणि लाट फिरत राहते. आता तिला कुणी सुरू करायला नको. ती स्वतःचंच शेपूट पकडत धावते.

आता सहाच जण बसा. लाट सहाव्या मोजणीला पहिल्यापाशी येते, पण त्याचे हात सातव्या मोजणीपर्यंत मांडीवर. लाट मेली. वर्तुळ लहान पडलं. पण विश्रांती सातवरून चारवर आणली, तर त्याच सहा जणांतही लाट फिरायला लागते.

म्हणजे लाटेला जागा लागते. किती लागते याचा हिशोब शाळकरी आहे: वेग गुणिले विश्रांती. सेकंदाला 60 सेंटिमीटर वेग आणि पाव सेकंद विश्रांती धरली तर 15 सेंटिमीटर. एवढं मोठं मोकळं वर्तुळ निरोगी कर्णिकेत सहसा मिळत नाही. वेग 40 वर आला आणि विश्रांती 120 मिलिसेकंदांवर, तर 5 सेंटिमीटरही पुरतात. मग एकाच कर्णिकेत दोन-चार लाटा संसार थाटू शकतात. कर्णिका फुगली तर त्यांना आणखी ऐसपैस जागा. एएफच्या रुग्णाचा टू-डी इको काढला की डॉक्टर डाव्या कर्णिकेचं माप आधी बघतात, त्याला एक कारण हेही आहे.

याच हिशोबाचा एक शिस्तशीर प्रकार आहे, एट्रियल फ्लटर. त्यात एकच लाट उजव्या कर्णिकेतल्या झडपेभोवती फिरते. बारा सेंटिमीटरचा घेर, सेकंदाला 60 सेंटिमीटर, म्हणजे फेरीला एक पंचमांश सेकंद, म्हणजे मिनिटाला 300 फेऱ्या. फ्लटरच्या ईसीजीवर साधारण हाच आकडा सापडतो. पाठकोऱ्या कागदावर मांडलेलं मॉडेल इतकं बरोबर आलं की मला अजून गंमत वाटते. उपायही त्यातूनच सुचतो. घेरातली चिंचोळी खिंड गाठायची आणि कॅथेटरच्या, म्हणजे शिरेतून आत सरकवलेल्या बारीक नळीच्या, टोकाने तिथे आडवी डागणी द्यायची. वाट तुटली, फेरी बंद. याला अब्लेशन म्हणतात, आणि फ्लटरमध्ये ते फार चांगलं चालतं.

फिब्रिलेशन एवढं सरळ नाही. तिथे वर्तुळ ठरलेलं नाही, लाटा फुटतात, वळतात, एकमेकींना गिळतात, नव्या जन्मतात. कर्णिकेच्या भिंतीवर मिनिटाला 350 ते 600 वेळा काही ना काही घडत असतं. गतिरोधक त्यातली काही खाली सोडतो, तीही मिळेल तशी. म्हणून आत्याच्या नाडीला सम नाही. खरा धोका मात्र नाडीत नसतो. कर्णिका नीट आकुंचन पावत नाही, रक्त एका कोपऱ्यात साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते. रक्त पातळ ठेवायची गोळी त्यासाठी.

टाळ्यांचा खेळ मी माझ्या पदरचा सांगितला असं नाही. नॉर्बर्ट वीनर हा गणिती आणि आर्तुरो रोझेनब्लूथ हा शरीरशास्त्रज्ञ, या दोघांनी 1946 मध्ये मेक्सिकोत हृदयाचं गणित जवळपास याच तीन अवस्थांवर मांडलं: तयार, पेटलेली, थकलेली. पुढे 1964 मध्ये गॉर्डन मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते खरोखर संगणकावर चढवलं. 992 षटकोनी घरं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जुळवलेली. प्रत्येक घर आपल्या विश्रांतीच्या कोणत्या टप्प्यात आहे एवढंच लक्षात ठेवायचं. आजच्या हिशोबाने हे काहीच नाही, कुठलाही विद्यार्थी संध्याकाळभरात लिहील. पण मो यांनी एक खुबी केली. सगळ्या घरांना सारखी विश्रांती न देता ती थोडी थोडी कमी-जास्त ठेवली, कारण खऱ्या पेशी तशाच असतात. मग त्या पोळ्यात घाईघाईने ठोके दिले, आणि थांबले. ठोके थांबले तरी गोंधळ थांबला नाही. लाटा कमी विश्रांतीच्या घरांतून पुढे सरकत, जास्त विश्रांतीच्या घरांपाशी फुटत, तुकडे वळून मागून येत.

आत बसून कुणी गडबड करतंय असं गृहीत धरायची गरज नव्हती. थोडी विषमता आणि पुरेशी जागा, बस. या एका निष्कर्षासाठी मी ते 992 घरांचं मॉडेल नंतरच्या कितीतरी अवाढव्य मॉडेलांच्या वर ठेवीन. मॉडेलचं काम हुबेहूब दिसणं नव्हे. "एवढ्यावर भागतं का?" या प्रश्नाला त्याने हो किंवा नाही म्हणावं.

1985 मध्ये नेदरलँड्समधल्या मॉरिस अलेसी यांनी कुत्र्याच्या कर्णिकेवर इलेक्ट्रोड लावून अशा अनेक लाटा प्रत्यक्ष पाहिल्या. आणि 1987 मध्ये अमेरिकेत जेम्स कॉक्स या शल्यविशारदाने हा विचार थेट सुरीवर घेतला. कर्णिकेत चिरा देऊन पुन्हा शिवायचं, अशा बेताने की सायनस नोडमधून निघालेली लाट भूलभुलैयातून सगळीकडे पोचावी, पण गोल फिरायला तिला कुठेच जागा उरू नये. मेझ शस्त्रक्रिया तिचं नाव.

मग आला धक्का. 1998 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हायसागेर यांच्या गटाने 45 रुग्णांमध्ये शोधलं की पहिली अवेळी ठिणगी येते तरी कुठून. त्यातली 94 टक्के उगमस्थानं फुफ्फुसांकडून डाव्या कर्णिकेत येणाऱ्या शिरांत होती. त्या शिरांच्या तोंडात कर्णिकेचा स्नायू बाहीसारखा आत शिरलेला असतो, आणि तिथून ठिणग्या उडत होत्या. आज एएफच्या अब्लेशनमध्ये सगळ्यात आधी याच शिरांभोवती डागणीचं कडं करतात.

हे मॉडेलला आधी का कळलं नाही? कारण 992 घरांच्या पोळ्यात शिराच नव्हत्या. जे आत घातलं नाही ते बाहेर कसं येणार?

तर घालायचं काय काय? इथून मॉडेलं फुगायला लागली. खालच्या बाजूने पेशीचं गणित आलं. त्याची मुळं 1952 मध्ये आहेत, आणि तीही हृदयात नाहीत, माकूळ नावाच्या सागरी जीवाच्या मज्जातंतूत. हॉजकिन आणि हक्सले यांनी त्यातल्या सोडियम-पोटॅशियमच्या दारांची समीकरणं लिहिली. केंब्रिजचा संगणक तेव्हा मोठ्या फेरबदलांसाठी बंद होता, म्हणून हक्सले यांनी ती ब्रुन्सव्हिगा नावाच्या हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर सोडवली. हँडल फिरवा, आकडा लिहा, पुन्हा फिरवा. धावणाऱ्या एका लाटेला तीनेक आठवडे गेले. 1960 मध्ये लंडनमध्ये डेनिस नोबल या तरुणाने तीच पद्धत हृदयाच्या पेशीला लावली. विद्यापीठात फेरांटी मर्क्युरी हा एकच संगणक, आणि या पोराला मिळालेली वेळ पहाटे दोन ते चार.

मानवी कर्णिकेच्या पेशीची मॉडेलं आली ती थेट 1998 मध्ये, आणि गंमत म्हणजे एकाच वर्षी दोन. एक मार्क कुर्तमाँश आणि स्टॅन्ली नाटेल यांच्या गटाचं, दुसरं अँडर्स नीग्रेन यांच्या गटाचं. दोन्ही मानवी कर्णिकेच्या पेशींवरच्या मोजमापांवर बेतलेली. तरी दोघांच्या आलेखांचे आकार निराळे, आणि ठोक्यांचा वेग वाढवला की वागणंही निराळं. यातलं खरं कुठलं? दोन्ही आणि एकही नाही. माणसामाणसांच्या पेशी निराळ्या, मोजायची रीत निराळी, आणि जिथे मोजमाप अपुरं तिथे प्रत्येक गटाने आपापली भर घातलेली. मॉडेल वापरणारा शहाणा माणूस आपला निष्कर्ष दोन्हींवर तपासून बघतो. एकावरच टिकला तर गप्प बसतो. किमान बसावं.

वरच्या बाजूने आला आकार. कर्णिकेची भिंत पातळ, काही मिलिमीटरचीच, पण सपाट मुळीच नाही. आतून स्नायूंच्या दोऱ्या ताणलेल्या असतात. उजव्या कर्णिकेतून डावीकडे जाणारा बाखमनचा पट्टा हा त्यातला महामार्ग. लाट दोरीच्या लांबीने भरभर धावते, आडवी जाताना रखडते. बांबू उभा चिरला की सरसर फाटतो, आडवा कापायला बसलं की घाम निघतो, तसं काहीसं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या डेव्हिड हॅरिल्ड आणि क्रेग हेन्रिकेझ यांनी 2000 मध्ये दोन्ही कर्णिकांचं खऱ्या आकाराचं, या दोऱ्यांसकट मॉडेल केलं आणि त्यात नीग्रेनची पेशी बसवली. आजार नव्हता त्यात. साधा, निरोगी ठोका. दोन कर्णिकांमधल्या पडद्यात लाट कशी जाते हे प्रत्यक्ष मोजणं फार अवघड असतं, ते त्यांना या मॉडेलमध्ये पाहता आलं. आधी निरोगी ठोका बरोबर आणा, मग आजाराच्या गप्पा मारा, ही शिस्त मला आवडते.

एवढ्यासाठी संगणक किती राबतो याचा अंदाज घेऊ. लाटेचं तोंड फार अरुंद असतं, मिलिमीटरभराचं. ते नीट पकडायचं तर बिंदूंमधलं अंतर पाव मिलिमीटरच्या आसपास ठेवावं लागतं. समजा तीन लाख बिंदू झाले. सोडियमची दारं क्षणार्धात उघडतात म्हणून वेळेचं पाऊलही बारीक, समजा 0.02 मिलिसेकंद. म्हणजे एका सेकंदात 50,000 पावलं. प्रत्येक पावलाला प्रत्येक बिंदूवर दोन कामं: पेशीच्या आत काय बदललं ते काढायचं, आणि शेजारच्या बिंदूंकडे किती विद्युतभार झिरपला ते. हे दुसरं गणित तापलेल्या तव्यावर उष्णता पसरते त्याच जातीचं. कुर्तमाँशच्या पेशीत 21 बदलत्या राशी आहेत. तीन लाख गुणिले पन्नास हजार गुणिले एकवीस: एका सेकंदाच्या हृदयासाठी 31,500 कोटी वेळा आकडे बदलायचे. हक्सले यांचं हँडल आठवा.

मग थेट रुग्णाच्या हृदयाचंच मॉडेल का करू नये? करतात. एमआरआयच्या वेळी गॅडोलिनियम हे प्रतिमा उठावदार करणारं द्रव्य देऊन कर्णिकेच्या भिंतीतले व्रण दिसू शकतात. वर्षानुवर्षं ताण सोसलेल्या भिंतीत पेशींच्या मधे कोलॅजेनचे धागे वाढतात, आणि लाटेला त्यांतून नागमोडी वाट काढावी लागते. वेग घटला की लाटेला लागणारी जागा घटते, हे वर आलंच आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नतालिया ट्रायानोव्हा यांच्या गटाने रुग्णांच्या अशा प्रतिमांवरून कर्णिका संगणकात उभ्या केल्या, त्यांत ठिकठिकाणी घाईचे ठोके देऊन लाटा कुठे घर करतात ते पाहिलं, संगणकातच तिथे डागणी दिली, आणि पुन्हा लाट कुठे उठते ते तपासलं. लाट उठेनाशी होईपर्यंत. मग तो डागणीचा नकाशा खऱ्या शस्त्रक्रियेसाठी दिला. 2019 मध्ये छापलेल्या त्या कामात रुग्ण होते 10. एवढ्यावरून करता येतं हे कळलं, फायदा होतो का हे नाही कळलं.

आणि घाई करू नये याचं कारणही पुढे आलंच. डेकाफ-2 नावाच्या मोठ्या चाचणीत एमआरआयवरचे व्रण बघून, शिरांच्या कड्याबरोबरच त्या व्रणांनाही डागण्या दिल्या. 2022 मध्ये निकाल लागला: नुसत्या शिरांच्या कड्यापेक्षा त्याने आजार परत येण्याचं प्रमाण घटलं नाही. त्या चाचणीत संगणकातली कर्णिका नव्हती, फक्त प्रतिमा होती. मॉडेलवाले म्हणतात, म्हणूनच. सगळे व्रण सारखे नसतात, लाट कुठल्या व्रणाला धरून फिरेल ते गणित केल्याशिवाय कळत नाही. असेल. पण हे म्हणणं अजून मोठ्या चाचणीत सिद्ध व्हायचंय, आणि तोवर मी ते म्हणणंच समजेन.

अडचण कुठे आहे तेही सांगतो. जिवंत माणसाच्या कर्णिकेत स्नायूंच्या दोऱ्या कुठल्या दिशेने गेल्यात हे रोजच्या एमआरआयमध्ये दिसत नाही. म्हणून मृत्यूनंतर तपासलेल्या हृदयांवरून बनवलेला नकाशा रुग्णाच्या आकारावर ताणून बसवतात. पेशींची विश्रांती जागोजागी किती, हेही रुग्णागणिक मोजलेलं नसतं, तिथे सरासरी आकडे घालतात. आणि ती विश्रांती स्थिरही नसते. अलेसी यांच्याच गटाने 1995 मध्ये शेळ्यांवर दाखवलं की फिब्रिलेशन मुद्दाम चालू ठेवलं तर पेशींची विश्रांती आखडत जाते आणि फिब्रिलेशन अधिकाधिक काळ टिकायला लागतं. लाट स्वतःच आपल्यासाठी जागा करून घेते. म्हणजे आज काढलेलं मॉडेल सहा महिन्यांनी त्याच माणसाचं उरेल असंही नाही.

हे सगळं मी परवा आत्याला टाळ्यांच्या खेळासकट सांगितलं. घरात सहाच माणसं होती, त्यामुळे सात मोजण्यांची लाट विझली. चारवर आणल्यावर ती फिरली, आणि कुणाचा तरी हात चुकेपर्यंत फिरत राहिली. आत्याने बघितलं, मग विचारलं, "माझ्या हृदयाचं असं मॉडेल काढतात का आपल्याकडे?"

अजून उपचाराचा भाग म्हणून नाही काढत, म्हटलं. संशोधनात काढतात.

"मग मला गोळीच," ती म्हणाली, आणि चष्मा शोधायला उठली. रात्री आठची होती, साडेआठ होऊन गेले होते.